भागवतमामाच्या बांधावरची चिंधी

बुधवारी माझा डबा येतो. साखऱ्याच्या अलीकडं आमचं गाव आहे. तिथून सकाळी निघालेल्या जीपच्या ड्रायव्हरच्या सीटखालून तो साडेदहाला हिंगोलीच्या स्टँडवर उतरतो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि खोली करून राहते. खोलीतली माझी जोडीदारीण प्रियंका वारंगा फाट्याची. तिच्या वडिलांचं तिथं हॉटेल आहे, त्यामुळं जेवणाबद्दल बोलायचा हक्क आपल्यालाच आहे असं तिला वाटतं. डबा उघडला की ती दरवेळी विचारते, "आज शेळ्यांनी काय उरवलंय गं?" आणि मग अर्ध्याहून जास्त भाजी तीच खाते. मेसमध्ये सहा दिवस बटाटा खाणाऱ्या माणसाला नाक मुरडणं परवडत नाही.

डबा पाठवते माझी काकू, अनुसयाबाई. तिच्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे माझ्याबद्दलही लिहावं लागणार, आणि ते काही फार चांगलं नाही.

काकू म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मसाजीकाका आठ वर्षांपूर्वी वारले. मूलबाळ नाही, शेत नाही, तेरा शेळ्या होत्या. सकाळी भाकरी बांधून ती शेळ्यांमागं निघायची ती दिवस कलल्यावर परत, आणि येताना पदराच्या खोळीत काहीतरी हिरवं असायचंच. तरोटा, कुंजर, घोळ, चिवळ. पावसाळाभर गावातल्या निम्म्या घरांत तिच्या हातची भाजी जायची, पण कुणी "जरा जास्त द्या" म्हटलं की ती सरळ सांगायची, "रान काय माह्या बापाचं न्हाई. पाय हायेत ना तुला?" गोड बाई अजिबात नव्हे. लहानपणी मी तिला जितकी घाबरायचे तितकी मास्तरांनाही नाही.

तिचे भाजीचे नियम ठरलेले. शेंडा तेवढा खुडायचा, मुळाला धक्का लावायचा नाही. शेळीनं तोंडात घेऊन टाकलेलं माणसानं उचलायचं नाही. आणि भाजी चुलीवर टाकायच्या आधी एक कच्चं पान स्वतः चावून बघायचं. मी एकदा हसले तर म्हणाली, "तुमच्या कालिजात मशिनी असतील. माही मशीन ही जीभ हाय." पर्यावरणाच्या पेपरात मी 'स्थानिक ज्ञान' या प्रश्नाचं दहा मार्कांचं उत्तर तिच्याच जोरावर लिहिलं आणि नऊ मिळवले.

त्या उत्तरात मी चिंधीबद्दलही लिहिलं होतं. आमच्याकडं हल्ली खुरपायला माणूस मिळत नाही, म्हणून सगळेच तणनाशक मारतात. काकूची त्याबद्दल तक्रार नव्हती, ज्याचं त्याचं शेत. पण त्यातून गावात एक रीत पडली आहे. ज्यानं बांधावर फवारलं त्यानं वाटेकडच्या झाडाला एक चिंधी बांधायची. चिंधी दिसली की शेळ्या तिकडं वळवायच्या नाहीत, भाजीला हात लावायचा नाही. दोन चांगले पाऊस होऊन नवा फुटवा आला, की ज्यानं बांधली त्यानंच ती सोडायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. ना कुठं पाटी, ना ग्रामपंचायतीचा ठराव. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसंसुद्धा एकमेकांच्या जनावरांसाठी चिंधी बांधायची. मला या रीतीचा फार अभिमान होता. कॉलेजात मी ती अशी सांगायचे की जणू मीच शोधून काढली आहे.

आता भागवतमामा. तो काकूचा मानलेला भाऊ, म्हणून आमच्या सगळ्या घराचा मामा. मसाजीकाकांच्या तेराव्याला तो चार माणसांत उठून म्हणाला होता, "ताई, वढ्याकडचा माहा धुरा आजपासून तुह्या शेळ्यांचा. कुणी हटकलं तं माहं नाव सांग." बांधाला आमच्याकडं धुरा म्हणतात, ओढ्याला वढा. काकूनं तो शब्द जपला. त्याच्या बांधाचं एक झुडूप तिनं कधी ओरबाडलं नाही, उन्हाळ्यात शेळ्या त्याच्या रिकाम्या रानात बसवायची, म्हणजे लेंड्यांचं खत त्यालाच. दर राखीला ती नवं लुगडं नेसून त्याच्या घरी जायची. सख्ख्या भावाकडं ती वर्षानुवर्षं गेलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या हळदवाल्यांनी सेंद्रिय शेतीचा गट केला. चाळीस घरं. शेतात रासायनिक काही नाही, बांधावरही नाही, आणि तसं प्रत्येकाच्या फाईलमध्ये लिहून ठेवायचं. एकानं मोडलं तर सगळ्या गटाचं प्रमाणपत्र जाणार. आमच्या सरांनी गावाकडच्या पोरापोरींना सांगितलं, एकेक शेत घ्या, शेतकऱ्याची फाईल भरा, तोच तुमचा प्रोजेक्ट. मी अर्थातच मामाचं शेत घेतलं. दोन रविवार त्याच्या ओट्यावर बसून मी फाईल भरली. शालूमामी चहावर चहा आणून देत होती. मी बांधाचा नकाशा काढला, हिरव्या स्केचपेननं त्यावर झाडं दाखवली, वाटेकडची बाभळसुद्धा. चौदावा प्रश्न होता, बांधावर तणनाशक वापरता का? मामा सुपारी कातरत म्हणाला, "लिव, न्हाई." मी लिहिलं. खाली 'माहिती घेणार' असं छापलं होतं, तिथं सही केली. सरांनी ती फाईल वर्गात नमुना म्हणून फिरवली, तेव्हा मी दोन दिवस हवेत होते.

राखीनंतर सहाव्या दिवशी, मंगळवारी, काकूचा फोन आला. मी कँटीनमध्ये होते, चार मैत्रिणी भोवती.

"सुकन्या, भागवतच्या धुऱ्यावरचं गवत जरासं मलूल दिसून राहिलं गं. शेंडे वाकले हायेत. चिंधी तं न्हाई बांधेल. फवारलं असंल का?"

मला हसू आलं. मैत्रिणींसमोर जरा मोठेपणाही आला असेल. मी म्हटलं, "काकू, त्या शेताची फाईल मी स्वतः लिहिली आहे. सेंद्रिय आहे ते. ऊन लागलं असेल."

"ऊन?" काकू म्हणाली. मग म्हणाली, "तू म्हनतीस तं असंल बाई." आणि तिनं फोन ठेवला.

पन्नास वर्षं रानात काढलेल्या बाईनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या सहीवर जास्त विश्वास ठेवला. हे वाक्य मी आता लिहू शकते, तेव्हा मला काहीच कळलं नाही. मी दुसरा समोसा मागवला.

दुसऱ्या दिवशी डब्यात पिठलं आलं. प्रियंका म्हणाली, "आज शेळ्या उपाशी का गं?" आम्ही दोघी खिदळलो आणि पिठलं संपवलं.

शुक्रवारी वडिलांचा फोन आला, तेव्हा कळलं. काकूची चांदी शेळी मेली होती. ती गाभण होती, कळपात सगळ्यांच्या पुढं चालणारी. तिचं थोरलं करडू तोंडातून फेस गाळत पडलं होतं, ते मी घरी पोचायच्या आत गेलं. बाकीच्या शेळ्या वढ्याच्या काठाला रेंगाळल्या होत्या म्हणून वाचल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं आणि सांगितलं, विषारी फवारा पोटात गेला.

काकू ओसरीत ताक पीत बसली होती. तिखट सोडा, भाकरीसुद्धा तिला खाववत नव्हती. जिभेवर, ओठाच्या आत फोड आले होते. मंगळवारी संध्याकाळी तिनं माझ्या डब्यासाठी त्याच बांधावरचं कुंजर खुडलं होतं. रीतीप्रमाणं एक पान चावलं आणि जीभ भाजली तशी थुंकून टाकलं. भाजी उकिरड्यात पुरली आणि मला पिठलं पाठवलं.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुही परीक्षा हाय म्हनली व्हतीस."

एवढंच. तूच तर सांगितलंस, ऊन लागलं असेल म्हणून, असं ती म्हणाली नाही. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही नाही. तिनं मला झोडपलं असतं तर बरं झालं असतं.

मी तशीच मामाकडं गेले. मला वाटत होतं, काहीतरी गैरसमज असणार. शेजारच्यानं मारलं असेल, वाऱ्यानं उडून आलं असेल. मामा ओट्यावरच होता. माझ्या तोंडाकडं बघूनच त्याला कळलं.

"एकडाव मारलं गं," तो म्हणाला. "गाजरगवत कमरेइतकं झालतं. खुरपायला बाई मिळंना."

"मग चिंधी?"

"चिंधी बांधली असती तं गटातल्या कुणीबी फोटो काढला असता. माहं एकट्याचं न्हाई, चाळीस घरांचं नुकसान. तू शिकेल पोरगी हायेस, समजून घे."

"निदान काकूला तरी सांगायचं होतं. कानात सांगायचं होतं."

"सांगनारच व्हतो. तेवढ्यात मंगळवारी शेळ्या येऊन गेल्या."

तेवढ्यात शालूमामी चहाचा कप घेऊन दारात आली. तिला बहुतेक आमचं पुढचं-मागचं काही ऐकू आलं नव्हतं. ती सहज म्हणाली, "मंगळवारी व्हय? ताई तं आपल्याकडंच च्या पिऊन गेल्या की. तुमी दोघं इथंच बसले व्हते."

मामानं मान खाली घातली. मी चहाला हात लावला नाही. आदल्या आठवड्यात ज्या हातावर तिनं राखी बांधली, त्या हातात कप धरून तो तिच्याशी पाऊसपाण्याचं बोलत बसला होता, आणि मग ती उठून शेळ्या घेऊन त्याच बांधाकडं गेली. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी पुस्तकात शंभरदा वाचलं होतं. प्रत्यक्षात ते असं ओट्यावर, चहाच्या वासात होतं.

मी उठले तेव्हा तो म्हणाला, अगदी हळू आणि जवळजवळ मायेनं, "सुकन्या, फाईल तुह्या हातची हाय. खाली सही बी तुहीच. बोलताना इचार कर."

दुसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला. सेनगावच्या बाजारातून दोन शेळ्या आणून देतो म्हणाला. काकू म्हणाली, "शेळ्या तुह्यापाशी ठेव. चिंधी काहून बांधली न्हाई, तेवढं सांग." तो आला तसा निघून गेला.

दहा-बारा दिवसांनी गटाची तपासणी आली. मी हिंगोलीहून आले होते, कारण सरांचा फोन होता. फाईल तू लिहिलीस, तर तपासणीला येणाऱ्या मॅडमना समजावून सांगायला तूच थांब. शेतात जायच्या वाटेवर मी बघितलं तर बाभळीला चिंधी. हिरव्या लुगड्याची, पिवळ्या काठाची. ते लुगडं मी ओळखत होते. राखीला नेसली होती तेच, नवं. काकूनं त्याचा काठ फाडून कमरेएवढ्या उंचीवर, वाटेकडून दिसेल असा बांधला होता. मालकानं बांधायची ती चिंधी तिनं बांधली होती. दुसऱ्या कुणाचं जनावर मरू नये म्हणून, की मामाला तोंडावर पाडायचं म्हणून, ते मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटतं दोन्हीही असेल.

मामाला ती चिंधी गाडी बांधापाशी थांबल्यावरच दिसली. जळालेलं गवत त्यानं आधीच कापून वर माती ओढली होती, बांध चकाचक होता. पण ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. मॅडमसमोर काय, एरवीही त्याचा हात धजला नसता.

मॅडम भल्या होत्या. उन्हात सगळ्या हळदीतून फिरल्या, माती हातात घेऊन बघितली. बाभळीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "हे कापड कशाचं?"

मामा एक क्षणही अडखळला नाही. "नवसाचं हाय मॅडम. आमच्याकडल्या बाया झाडाला नवस बोलतेत."

मॅडमनी चपला काढल्या आणि बाभळीला हात जोडले. मग माझ्याकडं वळून, हातातल्या फाईलवर पेन ठेवून, हसत म्हणाल्या, "हो ना गं? नकाशात हे झाड आहे, नवसाचं म्हणून लिहायला हवं होतंस."

काकू वीस पावलांवर अकरा शेळ्या घेऊन उभी होती. सगळं तिला ऐकू येत होतं. ती माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, नुसती वाट बघत होती. मी बोलायचं होतं. दोनच शब्द होते, 'नाही मॅडम'. माझ्या डोक्यात सही आली, सर आले, मार्क आले, चाळीस घरं आली. मी मान हलवली.

"हो," मी म्हटलं.

मॅडमनी लिहून घेतलं. काकूनं जीभ टाळ्याला लावून शेळ्यांना आवाज दिला आणि ती वढ्याकडं उतरली.

संध्याकाळी मी तिच्याकडं गेले. रडायचंच ठरवून गेले होते, म्हणजे ती समजूत घालेल. ती चुलीपाशी होती. म्हणाली, "फाईल आनलीस का? धुऱ्याचं काय लिवलंस ते वाच."

मी माझ्याकडच्या झेरॉक्समधून चौदावा प्रश्न वाचला. उत्तर वाचलं.

"कोनाला इचारून लिवलं?"

"मामाला."

काकूनं भाकरी उलटली. "मला काहून न्हाई इचारलं? भागवत त्या धुऱ्याला महिन्यातून एकडाव येतो. मी रोज तिथं असते."

मी पानं उलटली. सात पानांच्या फाईलमध्ये त्या बांधावरची झाडं आहेत, पक्षी आहेत, मातीचा रंग आहे. तिथं रोज चालणारी बाई नाही. मला ती सुचलीच नाही, जिच्या जोरावर मी नऊ मार्क मिळवले होते ती.

"काकू, आता तू सांग. मी सगळं नव्यानं लिहिते," मी म्हटलं.

"आता काय लिवतीस? बोलायचं तवा बोलली न्हाईस." मग ताट पुढं सरकवून म्हणाली, "जेव."

सोमवारी मी सरांकडं गेले आणि चौदाव्या प्रश्नाचं उत्तर खोटं आहे असं सांगितलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "आता फायली पुढं गेल्या. पुढच्या वर्षी दुरुस्ती करू." मी मॅडमच्या पत्त्यावर सविस्तर पत्र पाठवलं, माझ्या नावानिशी. चिंधी कशाची होती तेही लिहिलं. त्याला सव्वा महिना झाला. उत्तर आलेलं नाही. मामाला पत्राचं कुणीतरी सांगितलं असावं, तो आता आमच्या दारावरून जाताना पलीकडं बघतो. त्याचं मला काही वाटत नाही. मी त्याच्यावर अजून तितकीच चिडलेली आहे. पण त्याच्यावर चिडून झालं की उरलेला राग कुठं न्यायचा ते मला कळत नाही.

दसऱ्याला घरी गेले तेव्हा बाभळ बघितली. मॅडमनी हात जोडलेले गावातल्या दोघी-तिघींनी पाहिले होते. आता त्या झाडाला सात चिंध्या आहेत, एक नारळही लटकतोय. लेकरू होऊ दे, पोराला नोकरी लागू दे. काकूची हिरवी चिंधी त्यांतच कुठंतरी आहे, विटलेली. पलीकडच्या शिवारात दोघांनी फवारलं आणि चिंधी बांधलीच नाही, असं वडील सांगत होते. बांधून उपयोग काय, म्हणाले म्हणे, लोक नारळ फोडतील. काकू आता शेळ्या गावाच्या दुसऱ्या अंगाला, लांब माळावर नेते. येताना खोळ बहुतेक रिकामी असते.

डबा मात्र बुधवारी येतो. पिठलं, बेसनाची वडी, कधी परसातला दोडका. प्रियंकानं आता शेळ्यांवरून बोलणं सोडून दिलंय, तिला मी सगळं सांगितलं आहे. परवा डबा पोचल्यावर मी काकूला फोन केला. पूर्वी ती करायची, रानातून, काही ना काही विचारायला. हे पान काय असंल, ते पाखरू यंदा काहून दिसंना. आता मीच करते.

"काकू, मामाच्या बांधावर आता गवत कसं आहे? फुटवा आला का?" मी विचारलं.

पलीकडून शेळ्यांचे आवाज येत होते. ते जुनं गवत मामानं केव्हाच कापलं होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

"शेंडे वाकलेलेच हायेत," ती म्हणाली. "ऊन लागलं असंल, बाई."

आणि तिनं फोन ठेवला.